कोडिंग म्हणजे नेमकं काय? विहिरीवरच्या मोटारीवरून समजून घ्या

सहावी-सातवीतल्या पोरांना कोडिंग शिकवा, अशा जाहिराती सध्या मोबाईलवर सारख्या येतात. क्लासची फी हजारांत असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून द्यावी असं म्हटलंय. त्यामुळे पालक बुचकळ्यात पडलेत. पैसे भरण्याआधी ही भानगड काय आहे ते बघू.

कोडिंग म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत, क्रमाने लिहिलेल्या सूचना. गड्याला 'मोटार चालू कर' म्हटलं की तो आधी विहिरीत डोकावतो. मशीन डोकावत नाही, सांगितलं तेवढंच करतं. मोटार आपोआप चालू व्हावी असं वाटत असेल तर त्याला असं सांगावं लागेल: तिन्ही फेज आले असतील आणि विहिरीत पाणी असेल तर मोटार चालू कर, यातलं एक जरी नसेल तर बंद कर. पाणी आहे की नाही हे कळायला सेन्सर लागतो, ते वेगळं. पण पाण्याची अट लिहायचीच राहिली तर रात्री दोनला लाईट आली की मोटार कोरडी फिरणार आणि वायंडिंग जळणार. दोष मशीनचा नाही, लिहिणाऱ्याचा. अशी चूक हुडकून दुरुस्त करणं हा कोडिंगमधला निम्मा अभ्यास आहे.

डेअरीवर तेच चालतं. फॅट आणि एसएनएफ मोजलं, दरपत्रकातून दर काढला, लिटरने गुणलं, पावती छापली. समजा दर ३२ रुपये आणि दूध साडेसहा लिटर, तर पावती २०८ रुपयांची. या पायऱ्या पोराला वहीत मांडता आल्या तर घरचं दुधाचं बिल तो स्वतः तपासू शकतो. एसटीतलं तिकिटाचं मशीन, यूपीआयने पाठवलेले पैसे, सगळ्यामागे अशाच सूचना आहेत.

सुरुवातीला कॉम्प्युटर नसला तरी चालतं, वही-पेन पुरतं. पुढे 'स्क्रॅच' वापरावं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये ते आणलं, मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. फुकट आहे. टायपिंग फारसं नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. एकदा डाउनलोड केलं की नेट नसतानाही चालतं. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर मात्र ठोकळे जोडताना वैताग येतो, शाळेतला कॉम्प्युटर बरा. आठवी-नववीनंतर 'पायथन' शिकता येतं, तेही फुकटच.

जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, तेही विचारावं. केंद्राच्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सेन्सर, छोटे सर्किट बोर्ड असं साहित्य मिळतं. वहीत लिहिलेली मोटारीची अट तिथे खऱ्या सेन्सरवर करून बघता येते.