काळ्याला काळी

परवा एका कलीगकडे त्याचा नवा पीसी असेंबल करायला गेलो होतो. म्हणजे जोडून त्याने आधीच ठेवला होता, मला फक्त "बघ रे, काय झालंय" म्हणून बोलावलं होतं. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. मी काही न विचारता मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट घातलं. सीपीयूची वेगळी पॉवर वायर लावायची राहिली होती. "तुला कसं कळलं?" आता काय सांगणार!

२०१६ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांच्या बोनसमधून माझा पहिला पीसी आला. मी नेमकी हीच वायर विसरलो होतो. मला वाटलं प्रोसेसर नीट बसला नाही. घाईने काढला, परत बसवताना तो हातातून निसटला आणि सॉकेटच्या तीन पिना वाकल्या. दोन दिवस बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी मामाला फोन केला. मामाने नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून बऱ्याच लोकांना पीसी बनवून दिले होते. तो आला, तोंडात टॉर्च धरली, आईची शिवणाची सुई घेतली आणि तासाभरात पिना सरळ केल्या. मग म्हणाला, "धूर नाही काढलास हे नशीब समज. आमच्या वेळी असतास तर बोर्डच जाळला असतास."

ही अतिशयोक्ती नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एसएमपीएसमधून मदरबोर्डला पॉवर देणारे दोन कनेक्टर निघायचे, पी-८ आणि पी-९. दोन्ही सहा-सहा वायरींचे, दिसायला जुळे भाऊ, आणि अदलाबदल करून लावले तरी बसायचे! मग जिथे ग्राउंड हवं तिथे पाच व्होल्ट. खेळ खलास. त्यावरचा उपाय म्हणजे एक पाठ केलेलं वाक्य: काळ्याला काळी. दोन्ही कनेक्टरच्या काळ्या वायरी मधे शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. चौदा वर्षं जगभरातले लोक या एका वाक्यावर बोर्ड वाचवत होते. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं, त्यात वीस पिनांचा एकच कनेक्टर, जो उलटा जातच नाही. मामाचं वाक्य रिटायर झालं.

पण एक चूक गेली की दुसरी येते. २००० साली एएमडीचे सॉकेट ए वाले अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन आले, त्यात सिलिकॉनचा तुकडा वर उघडाच. हीटसिंकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबताना जरा तिरका जोर पडला की कोपरा उडाला. हीटसिंक नसेल तर त्याहून वाईट. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून व्हिडिओ केला होता: पेंटियम ४ नुसता मंदावला, अ‍ॅथलॉनमधून धूर. २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ वर धातूचं झाकण आलं. माझी विसरलेली वायर तर पेंटियम ४ च्या काळातली, सीपीयूला जास्त करंट लागायला लागला म्हणून आलेली. आणि पिना २००४ मध्ये इंटेलने प्रोसेसरवरून काढून सॉकेटमध्ये ठेवल्या, म्हणून माझ्या बाबतीत प्रोसेसर शाबूत राहिला आणि बोर्ड धोक्यात आला. असो.

मला वाटत होतं आता जळण्याचे दिवस संपले. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं, सोबत ६०० वॅटपर्यंतचा सोळा पिनांचा छोटासा कनेक्टर, आणि काही लोकांचे कनेक्टर वितळले. एनव्हिडियाने सांगितलं, प्लग पूर्ण आत गेला नव्हता. म्हणजे चूक वापरणाऱ्याची. मला हे पटत नाही. अर्धवट बसूनही चालू होतो तो कनेक्टरच चुकलेला, पी-८, पी-९ सारखाच. २०२३ मध्ये त्याच्या सेन्स पिना आखूड केल्या. प्लग नीट बसला नसेल तर आता कार्डला पॉवरचा सिग्नलच मिळत नाही. दोष कुणाचा होता ते यातून कळतंच की.

कलीगचा पीसी सुरू झाला, पण पुढचं पॉवर बटण दुसऱ्या वेळी चालेना. त्या बारीक दोन पिनांच्या वायरी, पॉवर, रिसेट, दिवे, अजूनही सुट्ट्याच येतात. मी मोबाईलची टॉर्च तोंडात धरली.