लॉजचा खजिनदार आणि सावडीचा बैल

दसऱ्याआधीचा आठवडा. डहाणू-चर्चगेट लोकलमधल्या आमच्या डब्याची पूजा आणि वर्गणीची वही माझ्या गळ्यात. बोईसरपासून नावं लिहीत आलो होतो. पालघरला चढणाऱ्या एका काकांनी नोट पुढे केली आणि म्हणाले, "हिशेब नीट ठेवा हं. मी आमच्या लॉजचा खजिनदार होतो."

डबा फिसकन हसला. लॉज म्हटल्यावर आम्हाला स्टेशनबाहेरची 'बोर्डिंग अँड लॉजिंग'ची पाटीच आठवणार. काका रागावले नाहीत. "अरे, फ्रीमेसनांचं लॉज. फोर्टात आमचा हॉल आहे. तिथे एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला फेलो क्राफ्ट."

त्या 'फेलो'ने माझी झोप उडवली. घरी आल्यावर शब्दकोश उघडला तो आजतागायत मिटलेला नाही.

आधी माहीत असलेला इतिहास उरकतो. फ्रीमेसन म्हणजे मुळात दगड घडवणारे गवंडी. एडिंबरोतल्या एका लॉजची इतिवृत्तं १५९९ पासून सापडतात. लंडनचं ग्रँड लॉज परंपरेने १७१७ चं मानतात. तोवर छिन्नी-हातोडा हातात न धरलेले सभ्य गृहस्थही आत शिरले होते. मुंबईत पहिलं लॉज १७५८ मध्ये निघालं, पण ते साहेबांसाठी. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे दार बंद झालं, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं आणि हिंदी माणसांना दार उघडलं. ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ चं. संपला इतिहास.

आता शब्दांकडे. 'लॉज' मधला पहिला पदार्थ पालापाचोळा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'लोज' म्हणजे पानांचा आडोसा, आणि तो आला जर्मनिक 'लाउब' म्हणजे पानं यावरून. आपल्याकडे झापांचा मांडव घालतात तसा. 'लॉबी' त्याच कुळातली. काही उत्साही मेसन लेखकांनी लॉजचा संबंध संस्कृत 'लोक' म्हणजे जग याच्याशी जोडला होता. मराठी माणसाला सुखावणारी व्युत्पत्ती आहे, पण टिकत नाही. इंग्लंडात हा शब्द वेदांतातून उतरलेला नाही, खर्चाच्या वहीत उतरलेला आहे. चेशरमधल्या व्हेल रॉयल मठाच्या १२७८ च्या सुमाराच्या बांधकाम-हिशेबात सुतारांना पैसे दिल्याची नोंद आहे, कशासाठी तर कामगारांना 'लॉज' उभारून दिले म्हणून. गवंड्यांचं लॉज आपल्याला प्रथम भेटतं ते खर्चाच्या बाजूला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अजूनही तिथेच असतं!"

बोईसरकरांना हे लॉज लांब शोधायला नको. तारापूरचं अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, त्याआधी तिथे कामगारांच्या झोपड्या होत्याच. आता बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाच्या कामावर पत्र्यांच्या रांगा आहेत. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पेंढा-पानांचं खोपट घालून सहा महिने काढतात. तेच मूळचं लॉज.

हे मनात धरलं की लॉजचे पदाधिकारी कोण ते आपोआप उलगडतं. मास्टर पूर्वेला बसतो, सूर्य उगवताना काम सुरू करून देणारा मुख्य मिस्त्री. धाकटा वॉर्डन दक्षिणेला. माध्यान्हीला कामावरून जेवणाकडे आणि जेवणावरून कामाकडे बोलवायचं, हे त्याचं काम. थोरला वॉर्डन पश्चिमेला. सूर्य मावळला की काम बंद करायचं आणि प्रत्येकाची मजुरी चुकती करायची. हा तर आपला मुकादम! हजेरी, सुट्टी, चुकारा. यॉर्कच्या कॅथीड्रलच्या गवंड्यांसाठी १३७० मध्ये लिहिलेल्या नियमांत लॉजमध्ये कधी काम करायचं, दुपारी जेवून किती झोपायचं, हे सगळं आहे. आज चांदीची पदकं लावून होणारा समारंभ म्हणजे बांधकामावरचा एक दिवस आहे. 'वॉर्डन' आणि एमआयडीसीच्या गेटवरचा 'गार्ड' हे शब्दही सख्खे भाऊ. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन उभा असतो तो टायलर. त्याचं नाव कौलं शाकारणाऱ्यावरून आलं की दगड कापणाऱ्या फ्रेंच 'ताय्यर' वरून, यावर भांडणं आहेत. मी कौलांच्या बाजूचा. छप्पर ज्याने झाकलं, त्यानेच आतलं गुपितही झाकावं.

पण माझं खरं वेड 'फेलो'.

हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. व्हायकिंग दर्यावर्द्यांनी तो इंग्लंडात आणला. प्राचीन नॉर्समध्ये त्याचं रूप 'फेलागी'. 'फे' म्हणजे गुरंढोरं आणि त्यावरून मालमत्ता, पैसा. 'लाग' म्हणजे ठेवणं, मांडणं. आपली गुरं किंवा आपला पैसा दुसऱ्याच्या शेजारी मांडतो तो फेलो. मित्र वगैरे अर्थ फार नंतरचे. डेन्मार्कमध्ये ओऱ्हुस इथल्या एका रूनशिलेवर काही जणांनी आपल्या मेलेल्या 'फेलागी'साठी दगड उभा केल्याचं कोरलं आहे. त्याची ओळख काय दिली आहे? अमक्याबरोबर त्याचं जहाज सामाईक होतं. सातपाटीच्या बंदरात हा शिलालेख समजावून सांगावा लागणार नाही. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचा वाटा, हा हिशेब तिथे पोरांनाही पाठ असतो.

काहींना वाटतं 'फेलो' हा 'फॉलो'चा भाऊ, म्हणजे मागून चालणारा. साफ चूक. मागून चालणाऱ्याला गुंतवणूक करावी लागत नाही.

आता 'फे' कडे. प, त, क चे फ, थ, ह होणं ही जर्मनिक भाषांची खोड आहे. पितृचा 'फादर', पादचा 'फूट'. त्याच वाटेने आपल्या 'पशु'चा 'फे'. लॅटिनमध्ये 'पेकुस' म्हणजे गुरं आणि त्यावरून 'पेकुनिया' म्हणजे पैसा. आपणही गोधन म्हणतोच. निरुक्तकार यास्काचार्य 'पशु'चा उगम 'पश्यति'मध्ये, म्हणजे पाहण्यात शोधतात. त्यांच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण भाषाशास्त्रज्ञ लोकरीच्या जनावराकडे बोट दाखवतात. मी त्यांच्या मागे जातो. मला मेंढी हवी आहे. का, ते पुढे.

आणि लॉजमध्ये भरायची 'फी'? इथे मामला गुंतागुंतीचा आहे. जुन्या इंग्रजीत 'फेओह' म्हणजे गुरं आणि पैसा होता, पण आजची 'फी' बहुतेक कोशकार फ्रेंच 'फिएफ'कडून, म्हणजे सरंजामी वतनाकडून आणतात. गंमत अशी की त्या 'फिएफ'चं मूळही अनेकजण फ्रँक लोकांच्या 'फेहू'मध्ये पाहतात, म्हणजे पुन्हा गुरंच. एका अभ्यासकाने ते अरबीतून, जिंकलेल्या जमिनीच्या शब्दातून आणायचा घाट घातला आहे. कल्पना देखणी, पण मला ती लांबून हाकलेली वाटते. दोन वाटा जर एकाच गोठ्यात जात असतील, तर तिसरीने वाळवंटात कशाला शिरावं?

हे वाचत असताना मला एकदम आजोळचं शेत दिसलं. एका घरी एकच बैल. शेजाऱ्याकडेही एकच. दोघांनी बैल एकत्र जुंपायचे, आज तुझं शेत, उद्या माझं. याला सावड म्हणतात आणि तसं करणारा तो सावड्या. फेलागी म्हणजे शब्दशः सावड्या! गुरं शेजारी शेजारी मांडणारा. 'फेलोशिप'ला बंधुभाव, सौहार्द असे गुळगुळीत शब्द शोधणाऱ्या भाषांतरकारांनी एकदा नांगरामागे चालून बघावं. इंग्रजीत लॉजचा आर्थिक कारभार आणि लॉजचा स्नेह ही दोन प्रकरणं वेगळी वाटतात. शब्दाच्या मुळाशी ती एकच आहेत. आधी मांडणं, मग बरोबर बसणं.

आता मेंढी. प्रत्येक नव्या मेसनच्या कंबरेला पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा ॲप्रन बांधतात. गवंड्याचा ॲप्रन तो, कपडे फाटू नयेत म्हणून. पण सावडीत जनावर आणणाऱ्याच्या अंगावर जनावराची खूण असावी, हा योगायोग मला सोडवत नाही. पुरावा मागू नका. तारापूर, बोर्डी, घोलवडच्या पारशी घरांत कंबरेला कुस्ती असते, मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची. मुंबईतले इतके पारशी लॉजमध्ये इतक्या सहज का रुळले, याला माझं उत्तर हेच: कंबरेला लोकर बांधून व्रत घेणं त्यांना परकं नव्हतं. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी १८७६ मध्ये जरथुश्ती आणि फ्रीमेसनरी यांच्यावर सबंध व्याख्यान छापलं. तेही माझ्यासारखेच वेडे असणार.

काकांना सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खजिनदारासारखा प्रश्न टाकला. "आमच्याकडे मास्टर आणि खजिनदार मतं टाकून निवडतात, बाकीच्या बहुतेकांना मास्टर नेमतो. का? कारण ज्याची वर्गणी थकली त्याला बाहेर काढायची वेळ खजिनदारावर येते. तुमच्या सावडीत बैल नसलेल्याचं काय करता?"

उत्तर मला येत होतं. आजोळी एकाचा बैल मेला होता. त्याने त्या हंगामात बैलाऐवजी हात दिले. बैलाच्या एका दिवसाला माणसाचे जास्त दिवस, असा हिशेब बसवला, पण सावड मोडली नाही.

पूजेच्या दिवशी वही बंद करताना शेवटचं नाव लिहिलं. केळवे रोडला चढणारा सिक्युरिटीतला पोरगा. दरवर्षी पहाटे झेंडूची तोरणं तोच बांधतो. रकमेच्या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'हात'. काकांनी वही तपासली, त्या ओळीवर बोट थांबवलं आणि खाली सही केली.