२० सप्टेंबर २०१६ : तारा फुटताना पाहिला

अर्जेंटिनातील रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो कुलपे दुरुस्त करून पोट भरतात. आकाश पाहण्याचा छंद इतका, की घराच्या गच्चीवर त्यांनी वेधशाळाच बांधली. २०१६ साली आजच्या रात्री ते दुर्बिणीला जोडलेला नवा कॅमेरा तपासत होते. त्यासाठी त्यांनी शिल्पकार तारकासमूहातील ‘एनजीसी ६१३’ ही सर्पिल दीर्घिका निवडली आणि छोट्या छोट्या वेळेची छायाचित्रे घेत राहिले. सुरुवातीच्या छायाचित्रांत वेगळे काही नव्हते. थोड्या खंडानंतरच्या छायाचित्रांत मात्र दीर्घिकेच्या टोकाकडे एक नवा ठिपका उमटला आणि पाहता पाहता उजळत गेला.

तो अतिनवतारा होता. पुढे त्याला ‘एसएन २०१६जीकेजी’ हे नाव मिळाले. अतिनवतारे एरवी स्फोटानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी सापडतात. बुसोंना सापडला तो स्फोटाची आघातलहर ताऱ्याच्या पृष्ठभागावर येऊन थडकण्याचा क्षण. साध्या दृश्य प्रकाशात तो टिपणे किती अवघड! अशी संधी कोटीत एखादीच, असा अंदाज खगोलशास्त्रज्ञ अॅलेक्स फिलिपेन्को यांनी मांडला.

बातमी कळताच जगभरच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाने जन्मलेला हा तारा फुटण्यापूर्वी बराच झिजला होता, असे त्या निरीक्षणांतून दिसले. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते; अंतर सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षे.

मेलिना बर्स्टन यांच्या नेतृत्वाखालचा शोधनिबंध फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत बुसोंचेही नाव आहे.