वारं, गुठळी आणि घड्याळ

मराठीत आपण म्हणतो, "त्यांच्या अंगावरून वारं गेलं." जरा पुस्तकी बोलायचं तर अर्धांगवायू, त्यातही वायू आहेच. इंग्रजीतला स्ट्रोक म्हणजे फटका. प्राचीन ग्रीक वैद्य याला अपोप्लेक्सी म्हणत, त्याचाही अर्थ फटका बसून कोसळणं. तीन भाषा, समजूत एकच: बाहेरून काहीतरी आलं आणि माणसाला आडवं करून गेलं. आता वाऱ्यावर इलाज काय करणार?

स्ट्रोकच्या उपचारांचा इतिहास म्हणजे ही समजूत मोडण्याचा इतिहास आहे. ती मोडायला तीनशेहून जास्त वर्षं लागली, आणि घराघरांत ती अजून पूर्ण मोडलेली नाही.

पहिला धक्का दिला स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने. झटक्याने गेलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करून त्याने १६५८ साली पुस्तक छापलं. रक्तवाहिनी फुटून मेंदूत साठलेलं रक्त त्याने पाहिलं होतं. मेंदूकडे जाणारी वाहिनी तुंबली तरी असंच होऊ शकतं, हेही त्याने मांडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखोने एका जागची गुठळी वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते ते दाखवलं. म्हणजे वारं वगैरे काही नाही, मामला प्लंबिंगचा आहे. पाइप तुंबतो किंवा फुटतो. बहुतेक वेळा तुंबतो.

पण कारण कळलं म्हणून उपचार सापडला नाही. एक हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं: बाहेरून पाहिलं तर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. उपचार मात्र अगदी उलटे. तुंबलेल्या वाहिनीसाठी गुठळी विरघळवणारं औषध हवं. तेच औषध फुटलेल्या वाहिनीवर दिलं तर रुग्ण दगावू शकतो. नेमकं काय झालंय ते खात्रीने कळायचं शवविच्छेदनात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कायमचा बंद पडल्यावरच लॉग वाचायला मिळायचा.

ही हतबलता किती होती, ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या बाबतीत दिसतं. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब होता १८६/१०८. तो खाली आणणारं चांगलं औषधच तेव्हा नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्यात भयंकर कळ आली आणि ते कोसळले. रक्तदाब ३००/१९०. काही तासांत सगळं संपलं. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. वाढलेला रक्तदाब वयाबरोबर येणारी किरकोळ गोष्ट नसून स्ट्रोकचं मोठं कारण आहे, हे ठसवण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावायची सोय केली ती एका इंजिनिअरने. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ते ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत होते, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत. त्यांची कल्पना साधी होती: अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे, पलीकडे किती पोचले ते मोजायचं आणि आत काय आहे ते कॉम्प्युटरकडून गणिताने काढून घ्यायचं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९७९ मध्ये हाउन्सफील्डना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. पाइप फुटलाय का, या प्रश्नाचं उत्तर आता काही मिनिटांत मिळू लागलं.

मग औषधाची पाळी आली. टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध आधी हार्ट अटॅकसाठी आलं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी जास्त जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे होते. धोकाही खरा होता: औषध मिळालेल्या ६.४ टक्के लोकांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. म्हणूनच आधी स्कॅन, मग इंजेक्शन. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली.

मोठी गुठळी औषधाला सहसा दाद देत नाही. तिच्यासाठी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीत पकडून गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत असे उपचार मिळालेले ३२.६ टक्के रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहिले. नेहमीच्या उपचारांत १९.१ टक्के. पुढे काही निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत वाढली.

पण मुदत वाढली म्हणजे निवांत राहायचं असं नाही. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. आणि घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हाच ते सुरू झालेलं असतं. रात्री अकराला झोपलेले बाबा सकाळी सहाला वाकड्या तोंडाने उठले, तर हिशेब अकरापासून.

म्हणजे तीनशे वर्षांची ही सगळी मेहनत शेवटी घरातल्या कुणाच्या तरी हातात येते. हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात वर करायला सांगा: एक खाली येतोय का? एखादं वाक्य बोलायला सांगा: अडखळतंय का? यातलं एक जरी अचानक झालं तरी तेल चोळत बसू नका, "थोडं पडू दे, बरं वाटेल" म्हणू नका, मनाने ॲस्पिरिन देऊ नका. पाइप तुंबलाय की फुटलाय ते आपल्याला माहीत नसतं. वेळ बघून लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. काही मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरीही जा. तो बहुधा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

वाऱ्यापुढे माणूस हात टेकतो. गुठळीपुढे टेकायची आता गरज नाही. फक्त वेळेत पोचायला हवं.