एका वेळी एकच आज्ञा: एडसॅक, स्टॅन्ली गिल आणि 'डोकावण्या'ची गोष्ट

१/ जुन्या संगणकाचा इम्युलेटर उघडावा, यंत्रभाषेतील आज्ञावली त्यात भरावी आणि 'सिंगल स्टेप' दाबावे. एक आज्ञा पार पडते आणि यंत्र थबकते. अभियांत्रिकीच्या वा पदविकेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी ८०८५ची किट हाताळली, त्यांना ही कळ ओळखीची असेल. तिच्या आरंभकाळातील एक प्रकरण आजच्या थ्रेडमध्ये.

२/ ६ मे १९४९. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या एडसॅकने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. सुमारे ३००० निर्वात नलिका, पाऱ्याच्या नळ्यांतून अखंड फिरणाऱ्या स्पंदांची स्मृती आणि सेकंदाला सुमारे ६५० आज्ञांचा वेग.

३/ त्याच उन्हाळ्यात विल्क्स यांनी एअरीच्या विकलक समीकरणाचे काम हाती घेतले. एडसॅक इमारतीच्या वरच्या मजल्यावर, तर कागदी फीत छिद्रित करण्याची यंत्रे एक मजला खाली. फीत दुरुस्त करायची, जिना चढायचा, चूक निघाली की पुन्हा उतरायचे. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे, हे आपल्याला त्या जिन्यावर कळले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. यंत्र उभारताना या कामाचा अंदाज फारसा कोणाला आलेला नव्हता.

४/ एडसॅकवर एकेक आज्ञा पार पाडण्याचे बटण होते. ते दाबायचे आणि स्मृतीतील ठिपके कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर वाचायचे. यंत्र थांबले तरी पाऱ्यातले स्पंद फिरतच राहत, म्हणून स्मृती शाबूत राही. या पद्धतीला 'पीपिंग' म्हणजे डोकावणे असे नाव पडले. नावातला किंचित उपहास लपत नाही.

५/ उपहासाला कारण होते. यंत्र एकच आणि रांग मोठी. सेकंदाला शेकडो आज्ञा पाळणाऱ्या यंत्रासमोर एक माणूस ठिपके मोजत बसला की इतरांचा वेळ वाया जाई. म्हणून डोकावणे निषिद्ध मानले जाऊ लागले.

६/ पण मग चूक शोधायची कशी? एक उपाय 'पोस्टमॉर्टेम'चा. आज्ञावली अडकली की स्मृतीतला मजकूर छापून घ्यायचा आणि मेजावर बसून वाचायचा. हे उपयोगी खरे, पण प्रेत पाहून मृत्यूचा क्षण दरवेळी कळतोच असे नाही. शिवाय आरंभीच्या एडसॅकवर वेटोळे फिरवताना आज्ञावली स्वतःच्याच आज्ञांमधले पत्ते बदलत असे. फितीवर जे लिहिले, ते चालताना स्मृतीत तसेच राहीलच याची शाश्वती नव्हती.

७/ इथे स्टॅन्ली गिल येतात. १९५१ साली रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये त्यांचा एडसॅकवरील चुकांच्या निदानाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ती अशी: संशयित आज्ञावली थेट चालू द्यायचीच नाही. एक तपासनीस आज्ञावली तिची एकेक आज्ञा उचलते, स्वतःच्या देखरेखीखाली पार पाडते, त्या आज्ञेचे अक्षर छापते आणि पुढची उचलते. उडी मारणाऱ्या आज्ञा आल्या की ती विशेष सावध होते, नाहीतर ताबाच हातून निसटेल.

८/ टेलिप्रिंटर सेकंदाला जेमतेम सहा-सात अक्षरे छापी, त्यामुळे काम मंदावेच. पण ते बटण दाबणाऱ्या बोटापेक्षा कितीतरी वेगवान होते आणि हाती कागद उरे. तो कागद घरी नेता येई, यंत्र दुसऱ्याला मोकळे होई. माझ्या मते गिल यांचे खरे श्रेय इथे आहे: यंत्रासमोर बसून करायचे काम त्यांनी मेजावर आणले.

९/ आता इम्युलेटरकडे पाहा. आज्ञा उचल, तिचा अर्थ लाव, पार पाड, पुन्हा उचल. त्याच्या गाभ्याशी हेच वेटोळे असते. गिल यांची तपासनीस आज्ञावली याच जातकुळीची; फरक इतकाच की ती एडसॅकवर एडसॅकचीच आज्ञावली चालवी. खऱ्या यंत्रात 'सिंगल स्टेप'साठी विद्युत मंडलाला आवर घालावा लागे. इम्युलेटरमध्ये वेटोळ्याचा पुढचा फेरा घेतला नाही की झाले. आणि मागे रांगही नसते.

१०/ विल्क्स यांच्या त्या एअरी आज्ञावलीची एक मूळ फीत पुढे सापडली. वॉरिक विद्यापीठाचे इतिहासकार मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी तिच्यावर १९९२ साली लेख लिहिला. १२६ ओळी आणि त्यांत सुमारे २० चुका! जिन्यावरचा तो साक्षात्कार अतिशयोक्त नव्हता.

११/ याच कॅम्पबेल-केलींनी एडसॅकचा इम्युलेटरही तयार केला. त्यात पडद्यावरचे ठिपके आहेत आणि एकेक आज्ञेचे ते बटणही आहे. 'टी' ही आज्ञा संचायकातली संख्या स्मृतीत ठेवून संचायक रिकामा करते, 'यू' मात्र तो तसाच भरलेला ठेवते. एकाऐवजी दुसरे अक्षर पडले तर कागदावर डोळा सहज फसतो. बटण एकदा दाबा: 'टी'नंतर ठिपक्यांची ती ओळ पुसली जाते, 'यू'नंतर जागच्या जागी राहते.