सूचिपर्णींच्या सावलीत अ‍ॅस्पेन

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत स्प्रूस, फर, पाइन अशा सदाहरित सूचिपर्णी वृक्षांच्या काळपट हिरव्या रानात मधूनच पांढुरक्या खोडांच्या राया दिसतात. शरद ऋतूत त्या सोनेरी होतात. हा वृक्ष म्हणजे अ‍ॅस्पेन. पिंपळपानाप्रमाणे त्याचे पानही लांब देठावर डोलते. मात्र त्याचा देठ चपटा असल्याने जराशा झुळुकेनेही सारी राई थरथरू लागते.

राईतील शेकडो खोडे पुष्कळदा एकाच वृक्षाची असतात. अ‍ॅस्पेनची मुळे जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यांवर फुटवे येतात. युटा राज्यातील फिशलेक राष्ट्रीय वनातील ‘पांडो’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सुमारे ४३ हेक्टरांवरील अंदाजे ४७ हजार खोडे मिळून तो एकच नर वृक्ष आहे. लॅटिनमध्ये ‘पांडो’ म्हणजे ‘मी पसरतो’. एकेक खोड साधारण शंभर-सव्वाशे वर्षे जगते. मूळ मात्र हजारो वर्षे टिकू शकते.

अ‍ॅस्पेनला भरपूर ऊन लागते, तर स्प्रूस व फर यांची रोपे सावलीतही तग धरतात. अ‍ॅस्पेनच्या छायेत ती सावकाश वाढतात आणि काही दशकांनी त्याच्याच डोक्यावर जाऊन त्याचा प्रकाश अडवतात. अशा वेळी वणवा अ‍ॅस्पेनच्या पथ्यावर पडतो. खोडे जळाली की शेंड्यांकडून मुळांकडे येणारे, फुटव्यांना रोखणारे ऑक्सिन हे संप्रेरक थांबते. उघडी जमीन तापते आणि मुळांतून असंख्य धुमारे वर येतात. सूचिपर्णींना मात्र पुन्हा बीजापासून सुरुवात करावी लागते.

विसाव्या शतकात हे चक्र अडले. १९१० साली आयडाहो व मोंटाना राज्यांत सुमारे ३० लाख एकर वन जळाले. त्या धसक्यातून अमेरिकी वनसेवेने वणवे विझवण्याचे धोरण कडक केले. १९३५ मध्ये तर कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचा नियमच झाला. रान वाचवण्याच्या या खटाटोपात अनेक उतारांवर अ‍ॅस्पेन सूचिपर्णींखाली दबत गेला.

हे नुकसान एका वृक्षापुरते नाही. अ‍ॅस्पेनच्या तळाशी गवत आणि रानफुले दाट उगवतात. सूचिपर्णींच्या गर्द छायेत ती विरळ असतात. बुरशीने आतून मऊ झालेल्या अ‍ॅस्पेनच्या खोडात सॅपसकर हा सुतारपक्षी ढोली कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत पाकोळ्या व इतर पक्षी घरटी करतात. शिवाय सूचिपर्णी हिवाळ्यातील बर्फ फांद्यांवरच अडवतात आणि त्यातला काही तिथूनच हवेत विरतो. निष्पर्ण अ‍ॅस्पेनखाली तो जमिनीपर्यंत पोहोचतो. कोरड्या पश्चिम अमेरिकेत ही बाब किरकोळ नव्हे.

मात्र केवळ आग पुरत नाही. कोवळे धुमारे हे एल्क व हरणांचे आवडते खाद्य. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे संपवले गेले आणि पुढच्या अनेक दशकांत तिथे नवे अ‍ॅस्पेन जवळजवळ उभेच राहिले नाहीत. १९९५-९६ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडल्यानंतर काही ठिकाणी रोपे पुन्हा माणसाच्या उंचीपलीकडे गेली. याचे श्रेय लांडग्यांना किती द्यावे, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. ‘पांडो’ची व्यथाही अशीच आहे. जुनी खोडे मरतात आणि त्यांची जागा घेणारे फुटवे हरणे व गुरे खाऊन टाकतात. २०१३ नंतर काही भागाला कुंपण घातले गेले. जिथे ते धड राखले गेले, तिथे तरुण खोडे उभी राहिली.

आता दुष्काळाची भर पडली आहे. २००२ च्या तीव्र अवर्षणानंतर कोलोरॅडोत, विशेषतः कमी उंचीवरील उष्ण उतारांवर, विस्तीर्ण राया वाळल्या. काही ठिकाणी मुळेच मेल्याने फुटवेही आले नाहीत. अशा वेळी बीजाचे महत्त्व वाढते. अ‍ॅस्पेनचे बी अतिसूक्ष्म, अल्पायुषी आणि उघडी ओलसर माती मागणारे; त्यामुळे पश्चिमेत ते क्वचितच रुजते, असे मानले जाई. परंतु १९८८ च्या यलोस्टोनमधील प्रचंड वणव्यांनंतर, पूर्वी अ‍ॅस्पेन नव्हता अशा जळक्या पाइन वनांतही त्याची बीजापासून उगवलेली रोपे आढळली.