पायाची किंमत : होनापासून टक्क्यापर्यंत

हर्णेच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला आपण गेला असाल. समोर सुवर्णदुर्ग, खोल पाण्यात उभ्या नौका, आणि लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून पुळणीवर येणारी मासळी. वर्षानुवर्षे या बंदराचे हेच चित्र आहे. या धंद्यात खलाशाचे पोट त्याच्या पायांवर आहे. हलत्या फळीवर तोल सांभाळावयाचा, गुडघाभर पाण्यात उतरावयाचे, ओल्या वाळूतून ओझे न्यावयाचे. तो पाय निकामी झाला तर त्याने खावे काय? निरनिराळ्या काळच्या राज्यकर्त्यांनी याचे उत्तर कसे दिले, तेवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही पंडित नव्हेत. कायदा शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता.

सभासदाच्या बखरीत एक नोंद आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा पराभव झाल्यावर शिवाजी महाराजांनी जखमी शिपायांना पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, आणि ती जखम पाहून दिली. जखम मोठी तर रक्कम मोठी, हे तत्त्व आपल्याकडे विलायतेहून आलेले नाही, एवढे यावरून दिसते. मात्र तो राजाचा न्याय होता. शिपायाच्या हाती दाव्याचा कागद नव्हता.

इंग्रजी अमलात आपल्या शेजारचे दापोली पेन्शनर शिपायांचे गाव झाले. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त होऊन तेथेच राहिले आणि बाळ भीमरावांचे काही बालपण तेथे गेले. शिपायाचे नाव सरकारी वहीत होते, म्हणून त्याला पेन्शन होते. दहा मैलांवरच्या खलाशाचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. दोघांच्या नशिबातला फरक शौर्याचा नव्हता, नोंदीचा होता.

कामगाराला हक्क म्हणून भरपाई मिळाली ती १९२३ च्या कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांची बाजू मांडीत होते. या कायद्याला एक परिशिष्ट होते, आणि त्यात माणसाचे अवयव टक्क्यांनी मांडले होते. त्या परिशिष्टाच्या अलीकडच्या रूपात पाय खुब्यातून गेला तर कमाईची शक्ती ९० टक्के गेली, आणि गुडघ्याखाली पुरेसा खुंट राहिला तर ५० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण या कोरड्या आकड्यांनीच हजारो घरांत चूल पेटती ठेवली. पाय तुटला नाही, नुसता अधू झाला, तर कमाई किती घटली हे डॉक्टरने ठरवावयाचे असते.

येथे १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल ध्यानात ठेवावा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. न्यायालयाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण धरावे. म्हणजे हात किती उरला हे न पाहता धंदा उरला की नाही हे पाहिले.

यानंतर दुसरी वाट निघाली. १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यांनी ४० टक्क्यांची रेघ आखली. पायाचे टक्के काढताना सांध्यांची हालचाल व स्नायूंची शक्ती पाहतात, आणि तोल पाहण्यासाठी नऊ गोष्टी करावयास सांगतात : सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. प्रत्येकीस दहा गुण. यादी विचारपूर्वक केलेली आहे, पण तीत हलती फळी नाही आणि ओली पुळणही नाही.

आमच्याकडे एक खलाशी आला होता. दोराच्या वेढ्यात त्याचा घोटा चिरडला होता. दवाखान्याच्या फरशीवर तो बरा चालला, म्हणून टक्के चाळिसाच्या आत आले. "चालता येते ना?" असे त्याला विचारण्यात आले. तो आम्हाला म्हणाला, "साहेब, जमिनीवर येतं. पण माझं पोट जमिनीवर नाही." २०१६ च्या कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपील आहे. आम्ही ते केले. फेरतपासणीत टक्के चाळिसावर गेले आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू झाले. मात्र १९२३ च्या कायद्याखालची भरपाई हातची गेली. दावा दोन वर्षांत करावयाचा होता आणि तो तीन वर्षांनी आला होता. विलंब माफ होऊ शकत होता, पण तो पगारी होता की वाटेकरी, हे दाखवणारा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता.

तेव्हा मंडळी, ही दोन दारे निराळी आहेत. एक दार विचारते, शरीर किती गेले? दुसरे विचारते, कमाई किती गेली? एक बंद झाले म्हणून दुसऱ्यावरून परत फिरू नये. आणि मोसम सुरू होताना, अंगात बळ असतानाच, पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी. शिपायाला वहीने तारले. खलाशाची वही अजून लिहावयाची आहे, आणि ती आपल्यालाच लिहावी लागेल.